जेवणानंतरचा विडा

“तुझ्या बाला सांग, ताट वाढलंय.”

आई हे म्हणाली तेव्हा आण्णा तिच्यापासून हातभर अंतरावर पाटावर बसले होते आणि ताट त्यांच्या पुढ्यातच होतं. मी दोघांच्या मध्ये, भिंतीला पाठ टेकून. सांगलीहून सकाळच्या एसटीने उभ्याने आले होते, पाय भरून आले होते.

“आण्णा, ताट वाढलंय,” मी म्हणाले.

“भाकरी एकच पुरं म्हणावं.”

“आई, एकच भाकरी.”

“आलं ऐकू,” आई माझ्यावरच खेकसली. “भैरी न्हाई मी.”

ज्याला ऐकू आलंय त्यालाच पुन्हा सांगायचं, हे माझं माहेरचं काम. मी सातवीत असल्यापासून ते माझ्याकडे होतं. लग्न होऊन सांगलीला गेले तेव्हा ते धाकट्या भावाकडे, जयसिंगकडे गेलं. तो चाकणला कंपनीत लागल्यावर घरात कुणीच उरलं नाही, मग ते दारातल्या म्हशीवर आलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून आई म्हणायची, “आज पाव्हणं येणार हाईत, मळ्यातनं लवकर या म्हणावं.” आणि आण्णा लवकर यायचे. गाव हसायचं. आम्हा दोघा भावंडांना मात्र त्याचं हसू कधी आलं नाही, नुसता शीण आला.

आता दोघंही नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. या अबोल्याचं मूळ मामाच्या लग्नात होतं. आईचा एकुलता एक भाऊ. मांडवात मानपान चालू होते, आणि घाईगर्दीत थोरल्या जावयाच्या आधी धाकट्या जावयाला फेटा बांधला गेला. थोरले जावई म्हणजे आमचे आण्णा. ते उठले. कुणी हात जोडले, कुणी पाय धरले, पण ते काही ऐकेनात. अक्षता पडायच्या आत त्यांनी आईचा दंड धरला आणि तिला मांडवातून बाहेर काढलं. पाठोपाठ मी आणि जयसिंग, नवे कपडे घातलेले आणि उपाशी. आईच्या मुठीतल्या अक्षता घरी येईपर्यंत मुठीतच होत्या. घरात पाऊल टाकल्यावर ती म्हणाली, “आजपास्नं तुमच्याशी एक सबूद बोलले तर नावाची अनुसया न्हाई.” आण्णाही काही कमी नव्हते. “नगं बोलू,” म्हणाले. झालं. तेव्हापासून पंचवीस-तीस वर्षं दोघांनी आपापला शब्द पाळला.

जेवण झालं. आण्णांनी हात धुतले आणि चंची सोडली. चंची म्हणजे पानाची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरी बांधायची. मिरजेच्या बाजूला आमचा पानमळा, त्यामुळे पान घरचंच. त्यांनी दोन पानं धोतराला पुसली, देठ खुडले, नखाने शिरा काढल्या. चुना, कात, अडकित्त्याने कातरलेली सुपारी, वर चिमूटभर तंबाखू. एक विडा त्यांच्या तोंडात गेला. दुसरा त्यांनी चुलीजवळच्या भिंतीशी पालथ्या घातलेल्या पितळी वाटीवर ठेवला आणि ते उठून बाहेर गेले. आईने ताटं उचलली, खरकटं काढलं, पदराला हात पुसले आणि विडा उचलून तोंडात टाकला.

एवढं एकच त्या घरात मध्यस्थाशिवाय चालायचं. सकाळी न्याहारीनंतर, दुपारी, संध्याकाळी दिवेलागणीच्या जेवणानंतर. आई बाळंतपणाला माहेरी गेली तेवढेच काय ते खाडे. आम्हाला त्याचं कधी विशेष वाटलं नाही. तंबाखू खाणाऱ्याचा हात जेवण झालं की आपोआप चंचीकडे जातो. एक करताना दोन होतात. सवय, दुसरं काय.

त्या दुपारी मात्र आईने विडा तोंडात टाकला आणि डोळे गच्च मिटले. मी त्यासाठीच आले होते. शेजारच्या सिंधूकाकूंनी फोन केला होता की तुझी आई तिखटाला शिवत नाही, दुधात भाकरी चुरून खाते. मी आईला दारात उजेडाला नेलं आणि जीभ बाहेर काढायला लावली. डाव्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या.

“कधीपासून आहे हे?”

“पंचमीपास्नं. तुरटी लावतोय न्हवं.”

नागपंचमी होऊन तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एका दवाखान्यात जखमेचा तुकडा काढून तपासायला दिला, आणि रिपोर्टच्या दिवशी मी पुन्हा दोघांना घेऊन गेले. एसटीत आई खिडकीपाशी, मध्ये मी, कडेला आण्णा. दवाखान्यातही आण्णा आत आले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर आहे, पण लहान आहे, गाठीत गेलेला दिसत नाही. जिभेचा कडेचा भाग काढायचा. आत्ता केलं तर बाई बरी होईल. महिना-दोन महिने घालवले तर मग काही खरं नाही.

“मावशी, पान किती वर्षं खाता?”

“लगीन झाल्यापास्नं.”

“तंबाखू घालून?”

आईने पदर तोंडाशी धरला.

“आजपासून पान, सुपारी, तंबाखू सगळं बंद. ही जखम त्या तंबाखूची आहे. कळलं?”

आईने मान हलवली. पुढच्या सोमवारी भरती व्हायचं ठरलं. बाहेर येऊन मी आण्णांना सगळं सांगितलं, अगदी डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत. निरोप जसाच्या तसा द्यायची मला सवयच होती.

“तंबाखूनं झालं म्हणल्या?” आण्णांनी विचारलं.

“हो. आता पान बंद.”

“बरं,” आण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर आण्णांनी हात धुतले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि सरळ बाहेर पडले. चंची दिसली नाही. वाटी रिकामी राहिली. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मी भांडण होईल म्हणून धरून चालले होते. आई चोरून खाईल, आण्णा हट्ट करतील, मला राखणीला बसावं लागेल. तसं काही झालं नाही. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटली, म्हणजे फार घट्ट नव्हती म्हणायची. आईने ताटं काढली, वाटीकडे बघितलं आणि ती भांडी घासायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या भाकरीवरून उठली. तिसऱ्या दिवशी जेवलीच नाही. शुक्रवारी मी तिची पिशवी भरत होते, दोन लुगडी, तांब्या, फणी, तेवढ्यात ती म्हणाली, “भरू नगंस. मला न्हाई करायचं आप्रेशन.”

“काय?”

“वय झालं. आता कशाला चिरून घ्यायचं? जे व्हायचं ते हुईल.”

मी सगळं करून बघितलं. समजावलं, रागावले, नातवंडांची शपथ घातली. जयसिंगला फोन लावला. तो म्हणाला, “आक्का, तू समजाव तिला, तुझं ऐकती ती.” माझं कधी कुणी ऐकलं होतं? माझ्या तोंडून नेहमी दुसऱ्याचंच ऐकलं जायचं. तिकडे सांगलीत शिलाई मशीनवर दिवाळीच्या ब्लाऊजांचा ढीग पडला होता, मुलांच्या परीक्षा होत्या, नवऱ्याची कारखान्यात रात्रपाळी. आणि इथे माझी आई, जगण्याचा उपाय हाताशी असताना, मान हलवून नको म्हणत होती. मला रडू आलं. मी तिच्यासमोरच रडले.

ती धुण्याच्या दगडावर बसली होती. मला रडू दिलं तिने. मग खाली बघत म्हणाली, “तुझ्या बानं पान दिलं न्हाई.”

“आई, अगं डॉक्टरांनी बंद केलंय! मीच सांगितलं त्यांना.”

“मला ठावं हाय. मी काय खानार हुते व्हय? यवढी येडी न्हाई मी.”

“मग?”

“द्यायचं तर.”

आई दगडावरचा साबणाचा चुरा नखाने खरवडत होती.

“तुझ्या मामाच्या लग्नातनं आलो त्या दिशी,” ती म्हणाली, “मी बोलून बसले. त्योबी बोलून बसला. रातभर मला वाटलं, मोडलं आता आपलं. दुसऱ्या दिशी जेवणं झाली, आनी बघतोय तर वाटीवर पान. म्हनलं, बोलत न्हाई त्यो, पर बायकू हाय म्हणतोय. तवापास्नं कवा चुकला न्हाई. त्येला ताप आसंल तर थरथरत्या हातानं करून ठेवायचा. माझा उपास आसला तरी ठेवायचा, मी दुसऱ्या दिशी खायची. नेम हुता त्येचा. आन् आता दुखणं निघालं, आन् त्यानं पाणी सोडलं माझ्यावर. त्येलाच वाटतंय मी जानार. मग मी कुणासाटनं जीब कापून घिऊ?”

एवढं सलग बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ते बोलतानाही तिला दुखत होतं, मध्ये मध्ये ती गालावर हात धरत होती.

मी तशीच उठून मळ्यात गेले. पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही, देवळासारखंच असतं ते. कुंपणाशी चपला काढल्या. आत गारवा होता, शेवरीवर चढलेल्या वेलींची सावली. आण्णा पाण्याच्या पाटाशी बसले होते, हातात काही काम नव्हतं. आण्णांना रिकाम्या हाताने बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“आई ऑपरेशन नको म्हणते,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. “का?”

“तुम्ही पान द्यायचं सोडलं म्हणून.”

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “इख देऊ व्हय तिला?”

“ती खाणार नव्हती, आण्णा.”

“चंची हिरीत टाकली मी. त्याच दिशी. तुला ठावं न्हाई, शालन. पयल्यांदा तिच्या पानात तंबाखू नसायची. लगीन झाल्याच्या दुसऱ्या वर्सी दाढ दुखत हुती तिची, म्हणून चिमूटभर घातली मी. दाढ दुखायची ऱ्हायली. मी घालतच गेलो. तिनं कवा मागितली न्हाई. ती डॉक्टरीण म्हणली ना, तंबाखूनं झालं? मग कुणी केलं? सांग की. कुणी केलं?”

हा माणूस चार दिवस हे एकटाच चघळत बसला होता.

“आईला सांगा हे,” मी म्हणाले.

“तू सांग. तिला म्हणावं—”

“नाही म्हणणार.”

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. मला त्यांचा राग आला नव्हता. मी फक्त थकले होते, फार थकले होते. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून मी त्या दोघांच्या मध्ये भिंतीला टेकून बसले होते, आणि माझ्या लेकी आता त्या वयाच्या झाल्या होत्या.

“भाकरी किती, म्हैस कुठं, पाव्हणे कधी, हे सगळं मी नेलं आणि आणलं,” मी म्हणाले. “हे नाही नेणार. हे तुमचं तुम्ही सांगा. एवढा राग आहे का अजून?”

“राग?” आण्णांना जणू शब्दच ओळखीचा वाटेना. “राग कुठला आता. राग तवाच गेला, दोन-चार महिन्यांत. पर तंवर बोलायची सवय मोडली. आता तोंड उघडलं तरी कुठनं सुरू करायचं, काय म्हणून हाक मारायची, कळत न्हाई गं मला.”

आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो की या दोघांचा अबोला म्हणजे केवढी मोठी आण आहे! गावात लोक त्यांची उदाहरणं द्यायचे. मी कपाळाला हात लावला आणि घरी आले.

संध्याकाळी आण्णा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी तिखट न घातलेली आमटी केली होती, तिघांनीही तीच खाल्ली. मला वाटत होतं आता बोलतील, मग बोलतील. जेवण संपलं तरी ते काही बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी एक पान काढलं. धोतराला पुसलं, देठ खुडला, नखाने शिरा काढल्या. चुना नाही, कात नाही, सुपारी नाही. तसंच कोरं पान त्यांनी दुमडलं, बोटांनी दाबलं, वाटी पालथी केली, त्यावर ठेवलं आणि बाहेर गेले.

आईने ताटं उचलली. खरकटं काढलं. पदराला हात पुसले. विडा उचलून तिने उघडून बघितला, आत काही नाही हे पाहिलं, पुन्हा तसाच दुमडला आणि कनवटीला खोचला.

“सोमवारी किती वाजता निघायचं, इचार,” ती म्हणाली.

“कुणाला विचारू?”

“मिरजंच्या गाडीचं ज्याला ठावं हाय त्याला.”

“साडेसातची हाय,” बाहेरून आण्णा म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

ऑपरेशन झालं. नीट झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईच्या नाकात नळी, मानेला पट्टी, तोंड सुजलेलं. नळीतूनच दूध आणि भाताची पेज द्यायची. बोलणं अर्थातच बंद. काही हवं असलं की ती खाटेची दांडी वाजवायची. बायकांचा वॉर्ड होता, पुरुषांना दुपारी चार ते सहा एवढीच मुभा. त्या वेळात मी आंघोळ आणि जेवण उरकायला बाहेर पडायचे. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलत नाही. काही झालं तर सिस्टरला हाक कोण मारणार?

आण्णा रोज यायचे. येताना मळ्यातलं एक पान घेऊन यायचे. नळीतून पेज गेली की ते दुमडून खाटेजवळच्या कपाटावर, वाटी पालथी घालून ठेवायचे. आईला तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायची मनाई होती. सिस्टर पहिल्या दिवशी ओरडली, “हा पाला कोण टाकतंय इथं?” दुसऱ्या दिवसापासून आई सिस्टर यायच्या आत तो उशीखाली सरकवायला लागली.

चार-पाच दिवस गेले. एका सकाळी मी आईची वेणी घालत होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या कवठ्याच्या आजी म्हणाल्या, “पोरी, तुझा बा लई बोलका हाय गं.”

“कोण? आमचे आण्णा?”

“तर! कालच्याला सहा वाजले तरी हलंना. सिस्टरनं हाकलला.”

मला वाटलं, आजींची काही गफलत होतेय. मी आईकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

त्या दिवशी मी जेवायला गेलेच नाही. चार वाजून थोडा वेळ जाऊ दिला आणि वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिले. आईच्या खाटेला अर्धा पडदा ओढलेला होता. पडद्यामागून आण्णांचा आवाज येत होता, हळू, अडखळत, पण थांबत नव्हता.

“म्हस दूध चोरतीया. सिंधू धार काढाय येती, तर तिला लाथ मारली. तुझ्याबिगर कुणाला शिवू देत न्हाई ती... आवंदा वेल खाली उतरवून पुरायचं काम उशिरा करावं म्हणतोय. तू आल्यावर.” मग स्टूल करकरलं. “फेट्याचं यवढं काय हुतं, मला आज आठवत न्हाई बघ. त्येचा रंगबी आठवत न्हाई. पर गाडीत बसल्यावर तू वळून वळून मांडवाकडं बघत हुतीस, ते आठवतंय. न्यायला नगं हुतं मी तुला. अक्षता तरी टाकू द्यायच्या हुत्या.”

आई वर छताकडे बघत होती. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. मी मागच्या मागे फिरले. पायऱ्यांवर बसून पोटभर रडून घेतलं आणि मग बटाटेवडा खाल्ला, कारण भूकही लागली होती.

त्यानंतर आण्णांनी माझ्यासमोरही बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा लाजले, मग विसरले. पाऊसपाणी, कोण मेलं, कुणाची पोर नांदायला गेली, सगळं. समोरून उत्तर येत नव्हतं, तेच त्यांच्या पथ्यावर पडलं असावं. एक गोष्ट मात्र त्यांच्या बोलण्यात येत नव्हती. तिच्या जवळपास यायचे आणि म्हशीकडे वळायचे.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नळीही काढली. “मावशी, आता बोलायचं. रोज बोलायचं, जेवढं बोलाल तेवढी जीभ वळेल,” असं सांगून त्या गेल्या. आण्णा तेव्हा खाली चहा आणायला गेले होते.

आईने ओठ हलवले. दोन-तीनदा नुसतीच हवा आली. मग जड, बोबडा आवाज आला.

“शा-लन.”

मी खुळ्यासारखी हसले. “थांब, आण्णांना बोलावते,” म्हणत दाराकडे धावले, तर तिने माझं मनगट पकडलं. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

“सां-गू... नगं... त्येला.”

“अगं, का?”

एकेक शब्द जमवत ती बोलली. मला दोनदा विचारावं लागलं. “त्येच्या पोटात... एक ऱ्हायलंय. भाईर... येऊ दे.”

म्हणजे तिला माहीत होतं. तंबाखू आण्णांनी कशी आणि कधी घालायला सुरुवात केली ते तिला माहीत असणारच, दाढ तिचीच होती. चंची कुठे गेली हेही तिने ओळखलं असणार. मी परत खाटेशी येऊन बसले.

आण्णा चहा घेऊन आले. नळी निघालेली बघून त्यांचा चेहरा उजळला.

“काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?” त्यांनी मला विचारलं.

“बरं आहे म्हणाल्या.”

“बोलायचं?”

मी आईकडे बघितलं. “अजून थोडे दिवस नाही,” मी म्हणाले.

ते स्टूल ओढून बसले. मला वाटलं आता म्हैस येणार. म्हैस आली नाही. ते कपातल्या चहाकडे बघत राहिले, साय धरेपर्यंत.

“अनुसया,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून आईचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “तुज्या पानात तंबाखू मी घातली. तू मागितली नव्हतीस. दाढ ऱ्हायली तवाच मी थांबाय पायजे हुतं. हे दुखणं माझ्या हातनं आलं तुला. येवढंच सांगायचं हुतं. आता तू घरी आलीस की मारलंस तरी चालंल.”

वॉर्डात कुणाचं तरी पोर रडत होतं. आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, सरळ, डोळ्याला डोळा देऊन. मग तिने तोंड उघडलं. शब्द फार जड होते, एकमेकांत अडकत होते, आणि तिला घाम फुटला होता, पण ती पूर्ण वाक्य बोलली. इतक्या वर्षांत तिने आण्णांना सांगितलेलं पहिलं वाक्य.

आण्णांनी कप खाली ठेवला. ते आधी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग, जन्मभर बघत आले तसे, माझ्याकडे वळले.

“काय म्हणली ती?”

मला कळलं होतं ती काय म्हणाली ते.

“तिलाच विचारा,” मी म्हणाले, आणि पडदा ओढून बाहेर आले.